सावरीच्या झाडाची चार वेळा पाहणी

खाडीपूल ओलांडून पनवेलची एस.टी. पुढे निघाली तेव्हा पौषातली सकाळ होती. मिठागरांच्या कडेला तुतवार (हिवाळ्यात येणारे लहान, लांब चोचीचे पक्षी) चिखल टोचत होते. नव्या शहराच्या जागी अजून शहर नव्हते, चुन्याच्या रेघा होत्या. इथली झाडे-पाखरे ऋतूंप्रमाणे पाहावीत, एवढ्याच हेतूने मी खारघरच्या डोंगराखाली उतरलो.

वाडीत एका सावरीभोवती माणसे जमली होती. झाडावर एकही पान नव्हते. काटेरी खोडावर चुन्याची ताजी फुली होती. रस्त्याच्या आखणीवरचा कारकून छापील तक्ता भरत होता. आखणीतली मेलेली झाडे आधी तोडायची होती.

"मेला नाय त्यो, सायब. थंडीत पाना गालतं," शेजारच्या घरातली हिराबाय म्हणाली.

"आत्ता पाने आहेत का?"

"आता नाय."

"मग मृत."

हिराबायला झाड वैशाखापर्यंत हवे होते. तिच्या तीन मुली याच सावरीच्या कापसाच्या उशा घेऊन सासरी गेल्या होत्या. चौथी, जनी, हिचे लग्न वैशाखात होते आणि बोंडे त्याच सुमारास फुटतात. फेरपाहणीचा अर्ज मी लिहिला, तिने अंगठा उठवला.

फाल्गुनात पुन्हा गेलो. डोंगरावरचे गवत वाळले होते आणि सावर लाल फुलांनी भरली होती. साळुंक्या, कावळे, बुलबुल मधासाठी एकमेकांना ढकलत होते. त्या गोंगाटात कारकुनाला प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागला.

"ह्या काय मेल्याचा लक्षन हाय?" हिराबायने वर बोट दाखवले.

"फुलांचा रकाना नाही, बाई. पानांचा आहे."

मी तक्ता पाहिला. फुलांचा रकाना खरोखरच नव्हता. उद्या सकाळी शेवटची पाहणी आणि लगेच तोड, असे सांगून तो गेला.

मी हिराबायच्या ओटीवर मुक्काम केला. जवळा आणि तांदळाची भाकरी असे जेवण झाले. त्याआधी, उन्हे उतरायच्या सुमारास, हिराबायचा दीर दामा शिडी घेऊन सावरीवर चढला होता. खालून बायका त्याला आंब्याचे टहाळे देत होत्या आणि तो ते सुंभाने फांद्यांना बांधत होता.

"तिकरं मोकला दिसतं, दामा!"

"वयनी, मना पन उशी पायजे लग्नात. काट्यांनी पाट फोरली!"

सकाळी कारकून आला. त्याने खालच्या फांदीचे पान तोडले, चुरगाळले, हुंगले आणि लिहिले: "पाने आहेत. झाड जिवंत." पुढच्या रकान्यापाशी तो थोडा थांबला. मग लिहिले: "जात: आंबा."



"जात पानावरून ठरते," तो म्हणाला. "आंबा फळझाड आहे. फळाची पाहणी झाल्याशिवाय तोडता येत नाही. वैशाखात येईन."

"या सायब, आंबं पारून ठेवताव!" दामा म्हणाला. तोडणारे मजूर चहा पिऊन परत गेले.

वैशाखात डोंगरउतारावर करवंदे काळी झाली होती. सावरीची बोंडे फुटली होती. कापूस अंगणभर तरंगत होता, वाळत घातलेल्या सुकटीला चिकटत होता, म्हशीच्या पाठीवर बसत होता. बायका नाकाला पदर लावून सरकी काढत होत्या. लग्नाला चार दिवस उरले होते आणि एकच उशी भरून झाली होती.

दुपारी कारकून आला. बराच वेळ वर पाहत राहिला.

"आंबे कुठे आहेत?"

"यंदा लागलाच नाय, सायब," हिराबाय म्हणाली.

जीप तासाभराने परत येणार होती, म्हणून तो मांडवात बसला. समोर बोंडे होती. त्याने एक उचलले, दुसरे उचलले. जनीने त्याला सरकी चिमटीत कशी धरायची ते दाखवले. जीप आली तेव्हा त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि दुसरी उशी जवळजवळ भरली होती. उठताना त्याने नोंद लिहिली. मी ती उतरवून घेतली: "या वर्षी फळ आलेले नाही. पुढील वैशाखात पुन्हा पाहणी करावी. तोपर्यंत झाड तोडू नये."

परतीच्या एस.टी.त मी ती नोंद बातमी तपासतात तशी तपासली. दुरुस्ती करण्याजोगे काही सापडले नाही. त्या झाडाला त्या वर्षी खरोखरच एकही आंबा आला नव्हता.