साडेआठशे लिटर

मार्क नसलेली परीक्षा कोणी घेतं का? अंबडच्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला नवीन आलेल्या सरांनी ती घेतली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. सर पुण्याकडचे. म्हणाले, घाबरू नका, तुम्हाला आकड्यांची समज किती आहे तेवढंच बघायचंय. मला मुळातच कुणाच्या गोड बोलण्यावर विश्वास ठेवायची सवय नाही. समज बघून पुढे काय करणार, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

सोयाबीनची काढणी चालू होती, त्यामुळे खेड्यापाड्यातलं कुणी आलं नव्हतं. जीपने आलेल्या मी आणि माझी मैत्रीण, दोघीच. बाकी सगळी अंबडच्या दुकानदारांची, नोकरदारांची पोरं. आम्ही नेहमीसारख्या एकाच बाकावर बसलो. एक प्रश्न असा होता: एका शेतकऱ्याची २.२० एकर आणि १.३० एकर अशी दोन शेतं आहेत. फवारणीला एकरी दोनशे लिटर पाणी लागतं, तर एकूण किती? मला हसूच आलं. हे तर घरचंच. तोंडी हिशेब केला आणि नुसतं उत्तर लिहिलं, साडेआठशे.

पेपर तपासून झाल्यावर सरांनी आम्हा दोघींना थांबवून घेतलं. अख्ख्या वर्गाचं उत्तर सातशे, आमचं तेवढं साडेआठशे. बाक एक, चूक एक, आणि रीत दोघींनीही दाखवलेली नाही. कुणी कुणाचं बघितलं ते सांगा, नाहीतर उद्या वडिलांना घेऊन या, असं त्यांनी बजावलं.

वडील आले की माझं कॉलेज संपलं. पोरीला रोज जीपने धाडायचं कशाला, म्हणून घरात चुलते टपूनच बसले होते. मैत्रिणीच्या घरीही तीच गत. मी तिच्याकडे तिरप्या नजरेनं बघितलं. आकडा माझा, मग तो हिच्या पेपरावर कसा गेला? तीही माझ्याकडे तशीच बघत होती.

सरांनी एकेकीला त्यांच्या खोलीत बोलावलं. ती आधी गेली. दाराला नुसता पडदा होता, मी बाहेर कान लावून उभी राहिले. तिचा आवाज आला, बारीक, पण स्वच्छ.

"माझं मी लिहिलंय सर. तिनं बघितलं आसंल तर मला म्हाईत न्हाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

माझी पाळी आल्यावर सरांनी कोरा कागद पुढे केला आणि तेच गणित समोर सोडवायला लावलं. वीस आणि तीस पन्नास, त्यातल्या चाळिसाचा एक एकर धरला, उरले दहा. दोन, एक आणि हा एक, चार एकर दहा, म्हणजे सव्वाचार; गुणिले दोनशे, साडेआठशे.

"हे चाळीस कुठून आले?" सरांनी विचारलं.

"चाळीस गुंठ्यांचा एकर न्हाई का सर? टिंबाच्या पुढं गुंठेच लिहित्यात की."

टिंबापुढे दशांश असतात हे मलाही शाळेत शिकवलेलं होतं. पण आमच्याकडे वाटणी असो की सोयरीक, जमीन अशीच लिहितात. एकर हा शब्द दिसला आणि मी शाळा विसरले. सरांनी मला तिथेच उभं ठेवून मैत्रिणीला परत आत घेतलं. तिनेही तेच चाळीस मांडले. उत्तरावरची फुली सरांनी तशीच ठेवली, वडिलांना मात्र आणू नका म्हणाले.

परतीच्या जीपमध्ये ती खुशीत होती. सुटलो बाई, म्हणत तिने मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. मग हळूच विचारलं, "तू काय सांगितलंस गं सरांना?"

"काही न्हाई. गणित केलं."

तिला ते पटलेलं दिसलं नाही. मीही पडद्याआडून ऐकलेलं काढलं नाही.

पुढे दिवाळीनंतर सरांनी तशीच बिनमार्कांची परीक्षा घेतली. आम्ही त्याच बाकावर बसलो. पहिलं उत्तर लिहिण्याआधी मी डाव्या हाताने पेपर झाकला. शेजारी बघितलं, तर तिने तिचा आधीच झाकलेला होता.