नखाएवढी कोर

हे माझ्या बायकोला माहीत नाही. आई गेली, तिलाही कळलं नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट ठाऊक नाही.

पुसदला आमचं ओतकामाचं छोटं शेड आहे. जुन्या गाड्यांचे भाग मिळेनासे झाले की लोक आमच्याकडे येतात. ओलसर वाळूत नमुना दाबायचा, अलगद उचलायचा, उरलेल्या पोकळीत वितळलेलं ॲल्युमिनियम ओतायचं. त्याआधी साच्याला सायकलच्या तारेनं बारीक छिद्रं पाडायची — वाफ निघून जायला. नाहीतर धातूच्या पोटात बुडबुडे राहतात. वरून काही दिसत नाही.

माझा थोरला भाऊ, दादा, हे काम फार सुंदर करायचा. आणि मी? मी धातू वितळवायच्या मुशीत बघत बसायचो. वितळलेल्या धातूवर साय धरते. ती सारली की खाली आरसा. त्यात पत्रे, कवडसे, माझं तोंड — सगळं हळूहळू हलत असतं. तिथून उठावंसंच वाटत नसे.

त्या दुपारी फुलसावंगीकडच्या तांड्यावरच्या एका माणसाच्या स्कूटरसाठी ब्रेकच्या दांड्या करायच्या होत्या. एक साचा दादानं भरला, एक मी. नमुना उचलताना माझं नख वाळूला लागलं. मग मी मुशीकडे पाहत राहिलो... आणि साचा तसाच झाकला. दांडी निघाली देखणी, कडेला नखाएवढी उंच कोर. छिद्रं राहिली, हे मला तेव्हाच आठवलं होतं. मग बोललो का नाही? आळस. लाज. दुसरं काय!

नेमकी तीच दांडी उतारावर तुटली. त्या माणसाची बायको पडली, तिचा हात मोडला. तो भांडला नाही, नुसते तुकडे पुढ्यात ठेवले. आत जाळीच जाळी, आणि कडेला ती कोर — माझ्या साच्याची खूण. सगळे त्याला पाणी देत होते — मी कानस घेतली आणि कोर घासून टाकली.

दादानं तुकडा उचलला. "माह्याच हातून छिद्रं पाडाची राह्यली असन," म्हणाला. मी मान खाली घातली. जणू त्याच्यासाठीच मला वाईट वाटत होतं.

त्यानं वाळू सोडली. आता उमरखेडला दुसऱ्याच्या दुकानात गाड्यांचे भाग विकतो. दसऱ्याला अवजारं पुजायला मात्र येतो. पूजेनंतरचा पहिला साचा थोरल्यानं भरायचा, ही आमची रीत. मी वाळू पुढे करतो. तो हात मागे घेतो.

"तूच भर बा. माह्या हाताचा आता भरोसा नाही."

मी भरतो. तो वाकून माझी छिद्रं बघतो, पाठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, "तू नाही विसरला कधी."