मंगळवारची भजी

लग्न होऊन साताऱ्याहून तासगावकडच्या या गावात आले, तेव्हा आमचे हे नुकतेच पंचायत समितीवर निवडून आले होते. पुढे आमदार झाले, पडले, पुन्हा झाले, आणि उतारवयात पक्षानं त्यांना विधान परिषदेवर घेतलं. सगळ्या तालुक्याला ते साहेब. मीही चारचौघांत साहेबच म्हणायला लागले, कारण नाव घ्यायची पद्धत नव्हती, आणि आतून नुसतं ‘अहो’ म्हटलं की अंगणातले दहा जण माना वळवायचे.

अंगणात उजाडल्यापासून माणसं. कुणाच्या शिवारातला विजेचा डीपी जळालेला, कुणाच्या पोराची बदली अडलेली, कुणाच्या आईला मिरजेच्या दवाखान्यात खाट मिळत नाही. साहेब पायरीजवळच्या खुर्चीत बसायचे. समोर एक लाल खुर्ची. ती रिकामी झाली की पुढचा माणूस येऊन बसायचा आणि साहेब त्याला विचारायचे, “बोला, काय काम काढलं?” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की झोपेतही त्यांच्या तोंडून ऐकलंय. त्या खुर्चीत बसलेला माणूस काम नाही असं म्हणाल्याचं मात्र मला आठवत नाही. बारशाचं आमंत्रण घेऊन आलेलासुद्धा उठता उठता हळूच शेताकडच्या पाणंद रस्त्याचं काढायचा.

मी आत चहा करायची. चहाचं पातेलं एवढं, की घासायला दोघी लागायच्या. मी फौजीची मुलगी आणि तोंडाची फटकळ, त्यामुळे त्या पातेल्याला मी मनसोक्त शिव्या घातल्या. पातेल्याला काय कळतंय! ज्यांना कळायला हवं होतं, ते बाहेर दुसऱ्याच्या डीपीची काळजी करत बसलेले असायचे. जेवणाचंही तसंच. ताटं मांडली की साहेब अंगणात असेल त्याला हाताला धरून आत आणणार. मग पंगत, मग वाढणं, आणि आम्ही बायका मागून. लग्नापासून आम्ही दोघंच समोरासमोर बसून जेवलोय, असं कधी झालंच नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. बरं, तक्रार म्हणूनच सांगते.

परिषदेवरची मुदत संपायला दोनेक वर्षं उरली होती, तेव्हा कुठून तरी बातमी पसरली, की यावेळी साहेबांना पुन्हा घेणार नाहीत. वय झालं, नवी मंडळी पुढे आली. मला कुणी येऊन सांगितलं नाही. मला ते चहावरून कळलं. चहा उरायला लागला. आधी पातेलं अर्धं केलं, मग एक दिवस ते माळ्यावर टाकून मधलं काढलं. लोकांनी साहेबांना वाळीत टाकलं असं नाही हं. रस्त्यात भेटले की वाकून नमस्कार करायचे, फक्त कामं घेऊन दुसऱ्या अंगणात जायचे. तरुण पोरं तर मोबाईलवरच काम सांगून मोकळी व्हायची.

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. जन्मभर हेच तर मागत होते! पण एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघितलं. साहेब दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. समोरची लाल खुर्ची रिकामी. हातात पेपर, पण पान उलटत नव्हते. रस्त्यावर मोटारसायकल वाजली की मान वर, गेली की मान खाली. त्या माणसानं दुसरं काही शिकूनच घेतलं नव्हतं. ना पत्ते, ना देवदेव, ना नातवंडांशी खेळणं. त्यांना माणसं हवी होती आणि माणसं येत नव्हती. मग म्हटलं, आपणच आणू.

आमचा ड्रायव्हर फौजेतून निवृत्त झालेला, माझ्या माहेराकडचा. त्याला विश्वासात घेतलं. माणसं रोजच यायची, तरी मंगळवार हा साहेबांचा लोकांना दिवसभर भेटायचा ठरलेला दिवस. त्या दिवशी त्यानं एसटी स्टँडवर जायचं आणि ओळखीपाळखीचं कोण बसलेलं दिसेल त्याला “चला, साहेबांकडं च्या घिऊन जावा” म्हणून गाडीत घालायचं. नुसत्या चहावर माणूस किती वेळ टिकणार? म्हणून मी मंगळवारी कांदाभजी करायला लागले. भजी गरम असेपर्यंत कुणी उठत नाही, हा माझा अनुभव आहे.

शेजारी बेदाण्याचं शेड आहे. तिथल्या म्हाताऱ्या मुकादमालाही गाठलं. तो म्हणाला, “वैनी, माझं काय कामच न्हाई ओ सायबांकडं.”

“नसू दे. काढा काहीतरी.”

मंगळवारी मुकादम धुतलेली टोपी घालून आला, लाल खुर्चीत बसला आणि साहेबांनी विचारताच म्हणाला, “ओढ्यावर पूल पायजे, सायेब. लय हाल हुत्यात.”

माझ्या हातातला झारा कढईत पडायचा राहिला. ओढ्यावरचा पूल होऊन दोन पावसाळे झाले होते. साहेबांनीच नारळ फोडला होता, आणि मुकादम त्याच पुलावरून चालत आला होता! मी खिडकीआड जीव मुठीत धरून उभी. साहेबांनी चष्मा सारखा केला, मुकादमाकडे गंभीरपणे बघितलं आणि म्हणाले, “बघू. पावसाळ्याच्या आत करून टाकू.” मला वाटलं, वयानं विसरले असतील. त्या रात्री मला दुप्पट वाईट वाटलं. मुकादमाला मात्र भीड चेपली. तो दर मंगळवारी पुलाचं कुठवर आलं विचारायला यायचा आणि भजी रिचवून जायचा.

असं बरेच महिने चाललं. मग एका हिवाळ्यात साहेब एकाएकी म्हणाले, “मुंबईला जाऊन यितो.” मला कळायचं ते कळलं. आदल्या आठवड्यात त्यांना फोनवर बोलताना ऐकलं होतं. पलीकडे कुणाचा तरी पीए, आवाजावरून पोरगाच. आणि आमचे साहेब त्याला म्हणत होते, “कवा येळ असंल तवा सांगा. मी बसतो की भाईर, काय अडचण न्हाई.” पक्षाच्या ज्या पुढाऱ्याच्या दारात बाहेर बसायला जाणार होते, त्याला पहिलं तिकीट साहेबांनीच भांडून मिळवून दिलं होतं. आणखी एक मुदत द्या, असं मागायला निघाले होते. जन्मभर दुसऱ्यासाठी हजार दारं ठोठावली, पण स्वतःसाठी या माणसानं कधी कुणापुढे तोंड उघडलं नव्हतं. मला ते सहन होईना. आणि जाऊ नका म्हणायचा धीरही होईना, कारण ती रिकामी खुर्ची मी बघितली होती.

“मला साताऱ्यात भावाकडे सोडा,” म्हणून मी गाडीत बसले. साताऱ्याचा उड्डाणपूल आला तेव्हा सांगितलं, की भाऊ गावाला गेलाय, आत्ताच फोन आला. फोन आला नव्हता. भाऊ घरी होता, माझी वाटही बघत होता. पण त्या पोरासोराच्या दाराबाहेर यांना एकट्याला बसू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. साहेब म्हणाले, “मग चल मुंबईला.”

खंबाटकीचा बोगदा ओलांडून साताऱ्याकडच्या खंडाळ्याला आलो तेव्हा जेवणाची वेळ टळली होती. रस्त्याकडेच्या एका साध्या खानावळीपाशी गाडी थांबवली. ड्रायव्हर सवयीनं लांबच्या टेबलावर बसला. आम्ही दोघं एका टेबलाशी, समोरासमोर. फडकं मारता मारता पोऱ्या म्हणाला, “काका, काय देऊ?” त्यानं साहेबांना ओळखलं नव्हतं. तिथं कुणीच ओळखलं नाही. आमच्याकडे हॉटेलात शिरलं की गल्ल्यावरचा मालक उठून उभा राहायचा. मला धसका बसला, की यांना आता लागणार हे.

पिठलं-भाकरी आली. मी ताटात हात घालायचा विसरून यांच्याकडेच बघत राहिले. पिठल्यातली कोथिंबीर बोटानं कडेला सारत होते. कांदा बुक्कीनं फोडला, त्याचा मधला कोंब आधी खाल्ला. भाकरीचा पापुद्रा वेगळा करून शेवटाला ठेवला. इतक्या वर्षांचा संसार, आणि माझ्या नवऱ्याला कोथिंबीर आवडत नाही हे मला खंडाळ्यात कळलं. घरी मी सगळ्यावर मूठमूठ पेरत आले होते.

दुसरी भाकरी मागवून ते म्हणाले, “लय वर्सांनी जेवताना कुणी काय मागितलं न्हाई.”

मला वाटलं, दुखावून बोलताहेत. म्हटलं, “मागतील हो. पुन्हा घेतलं तुम्हाला की मागतील. तुम्ही नका मनाला लावून घेऊ.”

“मी कशाला लावून घिऊ? तुझ्यासाठी चाललोय मी.”

“माझ्यासाठी?”

“मग! अंगण वस पडाय लागलं, तवा तू रस्त्यावरनं माणसं धरून आणाय लागलीस. भजी काय, त्यो मुकादम काय. झालेला पूल मागतंय बेनं! मला वाटलं, हिला माणसांबिगर करमायचं न्हाई. आन् पद गेल्यावर माणसं कोण यितंय? म्हटलं जाऊ, एकदा हात पसरू. एवढी वर्सं तिनं केलं आपल्यासाठी.”

मला आधी काय आला असेल तर राग. चांगला सणसणीत. “अहो, त्या पातेल्याला मी जन्मभर शिव्या घातल्या, त्या कधी तुमच्या कानावर पडल्या नाहीत होय?”

“पडल्या की.”

“मग?”

“मग भजी कशापायी तळत हुतीस?”

“तुमच्यासाठी!” मी एवढ्यानं ओरडले की पोऱ्यानं वळून बघितलं. “त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसत होतात ना, ते मला बघवत नव्हतं म्हणून!”

साहेबांचा घास हातातच राहिला. “मी?” ते म्हणाले. “मी तर म्हणत हुतो, बरं झालं, आता जरा पेपर वाचता यील. पर तू आतनं खिडकीतनं सारखी बघायचीस. मग मलाच कसनुसं व्हायचं. वाटायचं, यावं बाबा कुणीतरी.”

मला रडू कोसळलं. खानावळीत, पिठल्यावर, पदर तोंडाला लावून रडले. एवढा आमदार माणूस माझ्या भज्यांपायी पोरासोराच्या दारात बसायला निघाला होता. आणि समोर साहेब हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. मग लांबच्या टेबलाकडे वळून म्हणाले, “तूबी सामील व्हय रं?”

ड्रायव्हर ताटातून मान वर न काढता म्हणाला, “जी साहेब. ऑर्डर हुती.”

“जेव आता सावकाश. मग गाडी वळव.”

मी डोळे पुसून म्हटलं, “मुंबईला कळवायला हवं ना, येत नाही म्हणून?”

“कुणाला? तिथं कोण वाट बघतंय व्हय?” ते म्हणाले, आणि शेवटाला ठेवलेला पापुद्रा माझ्या ताटात ठेवला.

तिकडे जाताना बोगदा लागतो, परतताना घाट चढावा लागतो. घाटात साहेबांना झोप लागली. डोकं माझ्या खांद्यावर, तोंड उघडं. माझ्या हाताला मुंग्या आल्या, तरी मी साताऱ्यापर्यंत हलले नाही. साताऱ्यात भावाच्या घरावरून जाताना मी गपचूप मान खाली घातली.

पुढच्या मंगळवारी साहेबांनी मुकादमाला सांगितलं, की पूल मंजूर झाला, बांधूनसुद्धा झाला, आता दुसरं काहीतरी काढा. मुकादम ओशाळून पळाला तो महिनाभर शेडाबाहेर दिसला नाही. भजी बंद झाली. उरलेले महिने साहेबांनी जे कोण आलं त्याचं काम मन लावून केलं, अधिवेशनाला गेले, शेवटच्या दिवशी सत्काराचा फेटा बांधून घेतला आणि मुंबईची खोली सोडून कपड्यांच्या दोन बॅगा घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं दाढी करून, शर्ट घालून पायरीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. अंगणात कुणी नव्हतं. मी दोन कप चहा केला. एवढंसं भांडं वापरायची सवय नव्हती, तर साखर जास्तच पडली. दोन्ही कप घेऊन बाहेर गेले, एक त्यांच्या हातात दिला आणि समोरच्या लाल खुर्चीत बसले. या घरात येऊन उभा जन्म गेला, पण त्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते.

साहेबांनी पेपर खाली ठेवला. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“बोला, काय काम काढलं?”

“काही नाही,” मी म्हटलं. “सहज आले. बसायला.”

ते कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “खुर्ची जरा अलीकडं घे. तिथं ऊन यील.”