आखाजीनंतरचे कोचीन

कोचीन पाहण्यास सर्वांत उत्तम ऋतू कोणता, हे माझ्या साडूंनी मला अगदी बरोबर सांगितले होते. म्हणूनच मी दुसऱ्या ऋतूत गेलो.

साडू म्हणजे धुळ्याचे प्रभाकरराव. कापडाचे दुकान, अंगात टेरिलीनचा बुशशर्ट आणि स्वभाव अतिशय गोड. (गोड माणसाचा मत्सर करणे फार कष्टाचे असते, कारणे आपली आपणच शोधावी लागतात.) त्या वर्षी आखाजीला, म्हणजे खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, आम्ही दोघे जावई चोपड्याजवळ सासुरवाडीस जमलो, तेव्हा ओसरीवर त्यांचा फोटो झळकत होता. मागे समुद्रकाठची मासे धरायची ती जुनी, अवाढव्य चिनी जाळी आणि पुढे हसणारे प्रभाकरराव! आमचे सासरे आबा येईल त्याला हात धरून भिंतीपाशी नेत.

"हाऊ फोटो दखा! आमना धाकला जवाई शे!" मग माझ्याकडे वळून, "आन् मास्तर, तुमना फोटो कव्हय?"

खापरावरची पुरणपोळी मी तशीच खाली ठेवली. माझा फोटो केव्हा? मी थोरला जावई! आणि त्या फोटोशेजारी नुसता एक रिकामा खिळा!

"प्रभाकरराव," मी शक्य तितक्या सहजपणे विचारले, "कोचीनला जावं तरी केव्हा?"

"पौषात जा, भाऊ. हवा फार छान असते. आखाजीनंतर मात्र चुकूनही जाऊ नका, घाम वाळत नाही तिथं. आणि जाल तेव्हा टेरिलीनचे दोन शर्ट देतो, ते न्या, लगेच वाळतात."

इतका आग्रह? म्हणजे खरी शोभा आखाजीनंतरच असणार, आणि ती मला दिसू नये अशी यांची इच्छा! शिवाय जळगावच्या माणसाला उन्हाळ्याची भीती घालावी? आमच्याकडे वैशाखात रस्त्यावरचे डांबर चप्पल धरून घरापर्यंत सोबत येते! मी त्या काळी शाळेत भूगोल शिकवीत असे. (ही माहिती कृपया माझ्याविरुद्ध वापरू नये.) 'दमट हवा' दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो, समक्ष भेटीचा योग तेवढा आला नव्हता.

सुट्टी लागताच निघालो.

"अहो, कपडे किती घेऊ?" पत्नीने विचारले.

"अंगावर एक, पिशवीत एक. धुतला की वाळला!"

यात आम्हां दोघांनाही काही वावगे वाटले नाही. जळगावात धोतराचे एक टोक दोरीवर सारखे करावे, तोवर दुसरे पापडासारखे कडक होते. फोटोसाठी म्हणून एक धोतर तेवढे जादा घेतले, आणि ऊन बाधू नये म्हणून खिशात एकेक कांदा.

कोचीनात उतरलो आणि उभ्या उभ्या भिजलो. पाऊस नव्हता, तो मीच होतो! पहिला जोड धुतला. दुसरा घातला, तोही भिजला, धुतला. मग पहिला पाहिला, तर तो धुतला त्याहून ओला! लॉजचा मॅनेजर दोरीकडे पाहून हळहळला, "ये तो कल भी नहीं सूखेगा, साब."

"प्रभाकरराव म्हणालेच होते," पत्नी पुटपुटली.

"त्यांचं नाव काढू नकोस!" मी ओल्या सदऱ्यात हात घालीत म्हणालो. खिशातल्या कांद्याला कोंब फुटला होता.

जुना राजवाडा आम्ही दारातूनच पाहिला. आमच्या पाठीमागची ओली पावले पाहून रखवालदाराने आम्हांला तिथेच थोपवले. पण फोटो? त्या खिळ्यासाठी तर सारा प्रवास! आणि सासऱ्यांच्या भिंतीवर थोरला जावई ओल्या पायजम्यात कसा शोभावा? जादा धोतरही एव्हाना पिशवीतल्या ओल्या कपड्यांत भिजले होते. चिनी जाळ्यांपुढे फोटोवाला ठरवला आणि त्याला खुणेने थांबवून आम्ही धोतर वाऱ्यावर धरले. एक टोक मी, एक टोक तिने.

"ताणून धरा हो!"

"ताणलंय की! तुम्हीच सोडताय!"

एवढ्यात समुद्राकडून झोत आला, धोतर शिडासारखे फुगले आणि त्याच क्षणी फोटोवाल्याने कळ दाबली. फिल्ममधला तो शेवटचा फोटो होता.

ते धोतर अखेर वाळले. जळगाव स्टेशनापासून घरापर्यंतच्या टांग्यात.

फोटो मी पेटीच्या तळाशी दडवला होता. पुढच्या आखाजीला पत्नीने तो माहेरी नेला, आणि प्रभाकररावांनी (काय म्हणावे या माणसाला!) स्वखर्चाने चौकट करून तो त्या खिळ्यावर टांगला. त्यात धोतर आहे. खाली चार पाय आहेत. डाव्या कडेला माझा एक कान आहे.

"मास्तर, आन् कोचीन कोठे शे?" आबांनी डोळे बारीक करून विचारले.

मी काही बोलण्याआधीच प्रभाकरराव आदराने पुढे झाले. "मागे आहे, आबा. सगळं मागे आहे."

आता वयाच्या पन्नाशीत मत्सर पुष्कळ निवळला आहे. आबांच्या ओसरीवर कोणी विचारले तर मी शांतपणे सांगतो, "पौषात जा." आणि तिथे पाहण्यासारखे काय काय आहे असे कोणी विचारलेच, तर त्याला शेजारचा, प्रभाकररावांचा फोटो दाखवतो.