नव्या मॅनेजरांसाठी दहा मिनिटं

कोचने मला दहा मिनिटं दिली होती. मार्चचा दुसरा आठवडा, युनी म्हणजे युनिव्हर्सिटी नुकती सुरू झालेली, आणि आमच्या बेसबॉल टीमला दोन नवे स्टुडंट मॅनेजर मिळालेले. गेलं वर्षभर ते काम मी एकटीने ओढलं होतं, म्हणून त्यांचं स्वागत मीच करावं असं कोचचं मत पडलं. बॉलच्या बादल्या कुठे ठेवतो, बर्फ कुठून आणतो, जर्सी कधी धुवायला टाकतो, एवढं सांग आणि हसतखेळत सांग, असा त्याचा मेसेज आला. मी 'नो वरीज' असं कळवून टाकलं.

त्या दहा मिनिटांची मी सात महिने वाट बघत होते.

वाट बघण्याचं कारण आमचा कॅप्टन. तो शॉर्टस्टॉपला खेळतो, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, जिथे सगळ्यात जास्त बॉल जमिनीवरून सणसणत येतात. दिसायला छान, बोलायला गोड, सगळ्यांना 'मेट' म्हणणारा. अशा माणसांचा मला आधीपासूनच संशय येतो. त्याच्या बाबतीत मात्र यायला उशीर झाला, आणि त्याची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली.

मी या खेळात शिरले ती स्कोअरबुकमुळे. वेरिबी या आमच्या उपनगरात घरामागच्या ओव्हलवर पप्पांची रविवारची क्रिकेट टीम खेळायची आणि दहाव्या वर्षापासून स्कोअर मी लिहायचे. अंपायरने हात वर केला की मी हात वर करायचा, आणि त्याने दाखवलं तेच लिहायचं. क्रिकेटमध्ये स्कोअररला मत नसतं. कॅच सुटला तर सुटला, कोणाच्या हातून का सुटला हे वहीत येत नाही. दुसरं काम जयंतीचं. एप्रिलमध्ये हॉलच्या दारात उभी राहून मी पत्रकं वाटायचे, पुढे ती लिहायलाही लागले. युनीत आल्यावर भाडेकरू विद्यार्थ्यांसाठी लिहिली, रात्री बंद होणाऱ्या बसबद्दल लिहिली. दोन जणांनी तक्रार केली आणि बस परत सुरू झाली. तेव्हा मी स्वतःला घाबरत नाही अशी मुलगी समजत होते.

बेसबॉलमध्ये स्कोअररला मत असतं. बॅटरने मारलेला बॉल फील्डरच्या हातून निसटला तर तो बॉल अडवण्यासारखा होता का, हे स्कोअरर ठरवते. नव्हता, तर 'हिट' लिहायचं, बॅटरचं कौतुक. होता, तर 'एरर', फील्डरची चूक. आणि खरी गोम पुढे आहे. एररमुळे झालेले रन पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या, खात्यात धरत नाहीत. त्याच बॉलला हिट लिहिलं की ते सगळे रन पिचरच्या डोक्यावर.

गेल्या जूनमध्ये, इथल्या ऐन हिवाळ्यात, हुडीवर जॅकेट घालूनही बोटं गोठतील अशा एका शनिवारी, कॅप्टनच्या दोन पायांमधून बॉल गेला. सरळ. त्याने वाकायचा कंटाळा केला, बस. त्यावर तीन रन झाले. मी एरर लिहिलं. मॅच संपल्यावर तो माझ्या बाकाशी आला, खांद्यावरून वाकून वही बघितली आणि बोट ठेवलं. मेट, तो बॉल खड्ड्यात आपटून उडाला, तुला इथून दिसलं नसेल. तो हिट होता. माझ्याच पेन्सिलीच्या मागचं रबर त्याने माझ्याकडे वळवलं.

मी खोडलं.

का खोडलं याची बरीच कारणं मी नंतर रचली. मी नवीन होते, तो कॅप्टन होता, मला वाटलं तो अंपायरसारखाच आहे, त्याने सांगितलं म्हणजे तसंच असणार. इतकी वर्षं हात वर बघून हात वर केलेला, तीच सवय. पण पेन्सिल माझ्या हातात होती. त्यानंतर तो आणखी दोनदा आला आणि मी आणखी दोनदा खोडलं.

तिन्ही मॅचना पिचर एकच होता. डावखुरा, अबोल, जीलॉंगच्या बाजूला राहणारा. मॅचनंतर जाता जाता मला वेरिबीला सोडायचा. गाडीत बोलायचा तो फक्त स्वतःच्या चुकांबद्दल. आज बॉल खाली राहिला नाही, आज मनगट लवकर फिरलं. मी शेजारी बसून ऐकायचे आणि आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर उतरायचे.

ऑगस्टमध्ये राज्यातल्या सगळ्या युनींची मिळून एक टीम निवडतात, ती आकडे बघून निवडली गेली. कॅप्टन आत. डावखुरा बाहेर. त्याला सांगितलं गेलं की तुझ्या बॉलिंगवर रन फार होतात.

तेव्हा मी कॅप्टनकडे गेले. चेंजरूमच्या बाहेर, अर्धी टीम शूज काढत बसलेली. म्हटलं, ते तीन बॉल दुरुस्त करू, आपण दोघं मिळून कोचला सांगू. तो हसला. त्याचं वाक्य मला पाठ आहे.

"मेट, हे स्कोअरबुक आहे, तुझं पॅम्फ्लेट नाही. तू जर्सी मस्त धुतेस, तेवढं करत राहा."

सगळे हसले. मोठ्याने नाही, तोंडातल्या तोंडात, तसं हसणं जास्त लागतं. कोच म्हणाला वहीवर सह्या झाल्यात, सीझन संपलाय, पुढच्या वर्षी बघू. मी घरी आले आणि ठरवलं की पुढच्या वर्षी बघायचंच. डावखुऱ्याचं ते शेवटचं वर्ष असणार होतं आणि पुन्हा तीच वही, तोच कॅप्टन. यंदाही कॅप्टनचं बोट वहीवर पडलं तर डावखुऱ्याचा कायमचा निकाल लागणार होता. डावखुऱ्याला मी मात्र काही बोलले नाही. त्याला वाईट वाटेल, असं मी स्वतःला सांगितलं.

तर स्वागत. शुक्रवारचा आर्व्हो, म्हणजे दुपार, क्लबरूम, बाहेर सॉसेज भाजायचा धूर. नव्यांपैकी एक इथल्याच हॉपर्स क्रॉसिंगचा मुलगा, फिजिओ शिकणारा. दुसरी नागपूरची, येऊन तीन आठवडे झालेली, पब्लिक हेल्थला. माझं आडनाव ऐकल्यावर तिने आधी मला 'जय भीम' घातला आणि लगेच विचारलं की ताई, इथे ॲसिडिटीची गोळी प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळते का. मला ती तिथल्या तिथे आवडली. टीम खुर्च्यांवर पसरलेली, कॅप्टन पहिल्या रांगेत, डोक्यावर टीमची टोपी, थॉंग्ज म्हणजे रबरी चपला घातलेले पाय समोर ओढलेल्या खुर्चीवर. डावखुरा मागे, दाराशी.

बादल्या, बर्फ, जर्सी, सगळं चार मिनिटांत उरकलं. एक विनोदही केला, कोच हसला. मग म्हटलं, आता स्कोअरिंगची छोटी प्रॅक्टिस. नव्यांना एकेक कागद दिला. बॉल बघायचा, कोणाशी बोलायचं नाही, हिट की एरर ते लिहायचं. आणि प्रोजेक्टर लावला.

डावखुऱ्याचे वडील त्याची प्रत्येक मॅच फेन्समागून फोनवर व्हिडिओ काढून ठेवतात. त्यांना डिसेंबरमध्ये मी विचारलं होतं, नव्यांना शिकवायला क्लिप्स हव्यात म्हणून. त्या भल्या माणसाने सगळा सीझन पाठवला. मी तीन बॉल कापून घेतले.

पहिल्या बॉलची क्लिप भिंतीवर चार फूट उंच दिसू लागली. बॉल घसरत येणारा, साधा, एकही उडी न घेतलेला. कॅप्टन उभाच, आणि बॉल पायांमधून पार. मी परत लावला. मग हळू करून लावला. मागे कोणीतरी फिसकन हसलं. कॅप्टनने पाय खुर्चीवरून खाली घेतले.

फिजिओवाल्याने कागद वर केला. एरर. नागपूरकरणीने विचारलं की यात विचारण्यासारखं काय आहे, बॉल तर त्याच्या पायांमधूनच गेला, तो वाकलाच नाही. तिला माहीत नव्हतं की तो माणूस तिच्यापासून दोन हातांवर बसलाय. भिंतीवर तो टोपीत होता, चेहरा नीट दिसत नव्हता. टीम आता उघड हसत होती. दुसरा बॉल, एरर. तिसरा, एरर.

मला काय वाटत होतं ते लिहिते. मला फार छान वाटत होतं. त्याच्या मानेवर चढलेला लाल रंग मी निवांत बघितला. हेच लोक चेंजरूमबाहेर मला हसले होते, आता त्याला हसत होते, आणि मला आणखी हवं होतं. मी पिशवीतून गेल्या वर्षीची वही काढली. नव्यांना म्हटलं, आता बघा, वहीत या तीन बॉलना काय लिहिलंय. हिट, हिट, हिट. खालचं खोडलेलं अजून दिसतं, पेन्सिलीचा दाब कागदावर राहतो. आणि याचे सात रन कोणाच्या नावावर गेले, तेही बघा. त्यासाठी पत्रकही होतं माझ्याकडे, रात्री छापलेलं, प्रत्येक खुर्चीवर एक ठेवायला. पहिलीच ओळ होती की कॅप्टनने वही बदलून घेतली.

तेवढ्यात मागून डावखुरा पुढे आला. त्याने कोणाकडे बघितलं नाही. वही माझ्या हातातून घेतली, पानं उलटली, अंगठ्याने ती खोडलेली जागा चाचपली. खोलीत आता कोणी हसत नव्हतं. तो पूर्ण उन्हाळा मनगट सुधारत होता, हे मला त्याच्या वडिलांनी सांगितलं होतं. गराजमध्ये गादी उभी करून, रोज.

"हे कोणी लिहिलं?"

कॅप्टन माझ्याकडे बघत होता. त्याच्या तोंडावर हसू परत येत होतं. मी खोडलं, ही ओळ पत्रकात नव्हती. तिसऱ्या परिच्छेदात मी लिहिलं होतं की मॅनेजरवर दबाव आणला गेला. कोण मॅनेजर ते लिहिलेलं नव्हतं. मी इतरांच्या पत्रकांत असल्या वाक्यांवर लाल रेघ मारते.

"मी," म्हटलं. "तिन्ही वेळा."

"तेव्हा तुला माहीत होतं?"

"पहिल्या वेळी खात्री नव्हती. नंतर होती."

"आणि गाडीत बसत होतीस."

त्याने वही टेबलावर ठेवली, नीट, कडेला सरळ करून, आणि बाहेर गेला. कॅप्टन म्हणाला की बघा, मी काय सांगत होतो, ही मुलगी. वाक्य पुरं झालं नाही, कारण नागपूरकरणीला आता उलगडा झाला होता. तिने त्याच्या टोपीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि शांतपणे इंग्रजीत विचारलं, "तो तूच का?" कोचने प्रोजेक्टर बंद केला.

पुढच्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. कोचने नियम केला की मॅच चालू असताना आणि सही होईपर्यंत खेळाडूंनी स्कोअररपाशी यायचं नाही. आणि वही माझ्याकडून काढली. कॅप्टनचं कॅप्टनपद राहिलं. मी ते सगळं पत्रक पुन्हा लिहिलं, पहिल्या ओळीत माझं नाव घालून, आणि डावखुऱ्याला पाठवलं. त्याने उघडलं, एवढं दिसलं.

एप्रिलच्या पहिल्या मॅचला वही नागपूरकरणीकडे होती. मी बादल्यांवर. तिसऱ्या इनिंगमध्ये कॅप्टनकडे एक बॉल आला, छातीवर आदळला आणि खाली पडला. मी वळून वहीत बघितलं नाही असं म्हणायला आवडलं असतं. बघितलं. तिने एरर लिहिलं होतं. इनिंग संपल्यावर तो नियम विसरून बाकाकडे आला, सवयीचं बोट पुढे केलं.

तिने वर न बघता सांगितलं, "कोचशी बोल, मेट." मग माझ्याकडे सरकून हळूच मराठीत, "ताई, याला डोळे तपासायला पाठवू का?"

मी हसले, आणि त्याला ऐकू जाईल इतकं हसले. त्याच्याबद्दल माझ्या मनात काहीही निवळलेलं नाही. यंदाच्या निवडीत तो वगळला गेला तर मी केक कापणार आहे.

मॅचनंतर डावखुरा बर्फाची पिशवी घ्यायला आला. त्याने पाच इनिंग टाकल्या होत्या आणि एकच रन दिला होता. मी पिशवी त्याच्या खांद्याला बांधायला गेले, तर ती त्याने हातातच घेतली.

"वही कोणाकडे होती?" त्याने विचारलं.

मी तिच्याकडे बोट केलं.

"छान," तो म्हणाला. "तिच्याकडेच राहू दे."

मग तो पार्किंगकडे गेला. फेन्सपाशी सतरा बॉल पडलेले होते, ते मी गोळा केले. स्टेशनला जाणारी बस पाच वाजून वीस मिनिटांनी होती.