बुशची कड

मी तोंडाची फटकळ, हे आमच्या पंपाच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच सगळी खरेदी ऑनलाइन करायचं ठरल्यावर साहेबांनी ते काम माझ्या गळ्यात मारलं. सुट्या भागांची जुनी ड्रॉइंग सिस्टिमवर चढवायची, पुरवठादारांची नोंदणी करायची, आणि मग दर खाली खाली आणणारा लिलाव. कमी दर त्याची ऑर्डर.

पंपाच्या शाफ्टवर बसणारा पितळी बुश, म्हणजे आखूड नळीसारखा भाग, आम्हाला यशवंतपूरचे एक अण्णा करून देत. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरातलं, मराठी कानडीत कालवलेली. मी सीमेवरच्या निपाणीची, म्हणून वयानं एवढे मोठे असूनही ते मला अक्का म्हणायचे. दोन लेथ, दोन कारागीर, आणि निम्म्याहून जास्त काम आमचंच. लिलावाच्या दिवशी ते मोबाइल घेऊन माझ्यासमोरच येऊन बसले.

"अण्णा, हे घरी बसून करायचं असतं."

"सरी, ठीक आहे. पण तुम्ही समोर असलात की बरं वाटतं."

अर्ध्या तासात दुसऱ्या एका कारखान्यानं त्यांना मागे टाकलं. आणखी खाली उतरणं त्यांना परवडणारं नव्हतं. मोबाइल खिशात टाकून ते चहा न घेताच उठले.

नवे बुश आले. तपासणीत माप तंतोतंत, पण शाफ्टवर चढेनात. फिटरनं ठोकून बघितलं तर कड मुडपली. जुळणी बंद पडली. साहेब माझ्यावर ओरडले, मी नव्या पुरवठादारावर. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमच्या ड्रॉइंगप्रमाणेच आहे." आणि खरंच तसंच होतं.

नाक मुठीत धरून मी यशवंतपूरला गेले. एक लेथ ताडपत्रीखाली होता, कारागीर एकच उरला होता. अण्णांनी नवा बुश घेतला आणि आतून अंगठा फिरवला.

"ड्रॉइंगात ही कड धारदारच आहे, अक्का. पहिल्या खेपेलाच अडलं होतं. तेव्हापासून मी स्वल्प उतार देतो."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?" मी चिडले. चिडायचा मला काय हक्क होता देव जाणे.

"त्यात काय सांगायचं? तुमचा पंप चालल्याशी कारण."

मी नेलेल्या ड्रॉइंगच्या कागदावर त्यांनी पेन्सिलीनं उताराची रेघ काढली, माप लिहिलं. मग हळूच विचारलं, "आता ऑर्डर परत इकडे येईल?"

ड्रॉइंग बदललं की पुन्हा लिलाव, आणि लिलावात ते टिकणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. "बघते," मी म्हणाले, आणि कागद पर्समध्ये टाकला. लाज वाटली, पण कागद परत दिला नाही.

सुधारलेलं ड्रॉइंग चढवताना सिस्टिमनं विचारलं, बदल कोणी सुचवला? रकाना रिकामा ठेवता येईना. यादीत फक्त कंपनीची माणसं होती. मी माझं नाव निवडलं आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांचा फोन आला. नवे दर मागवणारा मेसेज, ड्रॉइंगसकट, त्यांनाही गेला होता.

"अक्का, रेघ माझी आहे," ते म्हणाले. "खाली नाव तुमचं आहे."

रागावले असते तर मी भांडले असते. आवाज नेहमीसारखाच होता.

"यादीत तुमचं नाव नव्हतं, अण्णा."

"सरी," ते म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांनी दर भरला नाही.