पेवाचं तोंड उघडताना

मी धाराशिवच्या एका कॉलेजात शिकवते. आमच्या ग्रंथालयात एकदा दोन दिवसांची कार्यशाळा झाली. इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात लेख कसा लिहायचा, ते तिथं शिकवलं. कुणीही लिहावं, कुणीही सुधारावं, अशी ती पद्धत. घरातली पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. मी ज्या पुस्तकांवर शिकले ती बहुतेक दुसऱ्यांनी दिलेली. आपणही कुणाला काही द्यावं असं वाटायचं, पण द्यायला काय आहे ते सुचत नव्हतं. शोधता शोधता दिसलं, की तिथं पेवावर लेखच नाही.

पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खणलेला खोल खड्डा, तोंडाला अरुंद आणि आत घागरीसारखा रुंद. तेरजवळच्या आमच्या गावात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तरुणपणी कितीतरी पेवं भरली आणि उघडली. मी फोनवर विचारत गेले, ते सांगत गेले. कडब्याचं अस्तर कसं लावायचं, तोंडावर दगड ठेवून चिखलानं कसं लिंपायचं, पुढं ते कसं उघडायचं. लेख झाला. रविवारी गावी जाऊन मी तो त्यांना वाचून दाखवला.

अण्णा मान हलवत ऐकत होते. मधेच थांबले.

"दगड काढला की माणूस आत उतरतो, असं लिवलंस?"

"व्हय. तुम्हीच सांगितलंत."

"आन् आत कोंडल्याली हवा? दिवसभर तोंड उघडं ठिवायचं, कंदील सोडून बघायचा. इझला तर कुणी उतरायचं न्हाय."

"हे तुम्ही बोललाच नाहीत, अण्णा."

"त्यात काय बोलायचं? शेंबड्या पोराला बी ठावं असतंय."

मग जरा वेळानं म्हणाले, "माझ्या चुलत्याला दोर बांधून वर काढला होता. वाचला, पर वरीसभर जनावरागत गप बसून असायचा. तुजं वाचून कुणी उतरला म्हंजे?"

गावाला जे ठाऊक असतं ते गावात कुणी बोलून दाखवत नाही. माझ्याही ते ध्यानात आलं नव्हतं. तिथंच बसून मी कंदिलाची ओळ घातली.

दोन दिवसांनी ती कुणीतरी काढली होती. कारण दिलं होतं, संदर्भ नाही. काढणारे गृहस्थ, त्यांच्या ओळखीच्या पानावरून कळलं, कोकणातले निवृत्त ग्रंथपाल. मी चर्चेच्या पानावर जरा तडकूनच लिहिलं. त्यांचं उत्तर शांत होतं : "तुमच्या वडिलांवर माझा अविश्वास नाही. पण उद्या दुसऱ्या कुणाचे वडील उलटं सांगतील, तेव्हा मी काय करू?"

मी अण्णांना फोन केला.

"संदर्भ म्हंजे?"

"पुरावा. छापील पाहिजे."

"मी हाय की."

"तुम्ही छापील नाहीत."

"मग मला छापून आण एकदा धाराशिवहून," ते हसले. लगेच गंभीर झाले. "आसं कर बाई, उघडायचं सगळंच काढून टाक. गावोगाव जुनी पेवं पडल्याती, समदीच कुठं बुजवल्याती? अर्धं सांगून ठिवण्यापरीस न सांगितलेलं बरं."

तो परिच्छेद मला फार आवडला होता. तरी मी तो काढला, आणि का काढला ते चर्चेच्या पानावर लिहिलं.

त्यानंतर कोकणातल्या त्या अनोळखी माणसानं तीन आठवडे जुने कॅटलॉग धुंडाळले. ज्या विषयाशी त्यांचा काही संबंध नाही, त्यासाठी. शेवटी शेतीवरच्या एका जुन्या पुस्तिकेच्या पानाचा फोटो त्यांनी तिथं लावला. त्यात दिवसभर तोंड उघडं ठेवणं होतं, कंदीलही होता. खाली त्यांनी लिहिलं होतं, "वडिलांना नमस्कार सांगा. ते बरोबर होते."

मी निरोप सांगितला. अण्णा म्हणाले,

"लई शिकल्याला दिसतोय. पर माणूस चांगला हाय."

परिच्छेद परत लावताना अण्णांच्या सांगण्यावरून कंदिलाची ओळ सगळ्यात वर घेतली. मात्र मी गमतीत बोलून गेले होते, की ही ओळ कुणीही कधीही पुसू शकतं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी फोन येतो.

"हाय का ओळ?"

"आहे, अण्णा."

"न बघता सांगू नको."

मग मी पान उघडते, आणि बघून सांगते.